बास झाला बास

इअरफोनच्या खोक्यावर काय काय छापलेलं असतं ते एकदा नीट वाचून बघा. 'एक्स्ट्रा बास', 'डीप बास', 'प्युअर बास'. काही कंपन्यांनी तर मालिकेच्या नावातच बास घातला आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात शंकेला जागाच नको. त्याखाली १० किंवा १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, बॅटरी अमुक तास. 'यातून माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू येतो' असं छापलेलं खोकं मी आजवर पाहिलेलं नाही. आणि हे कुठे, तर जिथे संगीत म्हणजे आधी गाणं आणि गाणं म्हणजे आधी गळा, अशा देशात.

चष्मा घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, "बघा, यातून लाल रंग किती गडद दिसतो", तर तुम्ही उठून याल. तुम्हाला अक्षरं वाचायची असतात. कानाच्या बाबतीत मात्र आपण गडद लाल रंगावर खूश होऊन पैसे मोजतो, आणि घरी येऊन अक्षरं का लागत नाहीत म्हणून आवाज वाढवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: रोजच्या वापराचे इअरफोन निवडताना परीक्षा माणसाच्या आवाजावर व्हायला हवी. ती स्वस्त बाजार घेत नाही, आणि स्वतःच्या कानांचा अभिमान बाळगणारे हौशी लोकही घेत नाहीत. दोघांची चूक वेगवेगळी आहे. आधी बाजाराची बघू, कारण ती जास्त लोकांच्या कानात आहे.

थोडी आकडेमोड लागेल, फार नाही. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा साधारण १६५ ते २५५. पण तो झाला पाया. 'आ' आणि 'ई' आपल्याला वेगळे कळतात ते त्या पायावर ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात जे उंचवटे तयार होतात त्यांच्यामुळे. व्यंजनं त्याच्याही वर जातात. 'स'चा सगळा संसार ५००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर. म्हणजे बोलण्यातला जोर मुख्यतः खाली आणि अर्थ मुख्यतः वर. टेलिफोनवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जुन्या टेलिफोनची तार ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची, म्हणजे बहुतेकांचा मूळ स्वर त्यात नसायचाच, आणि तरी आत्याचा आवाज आत्याचाच वाटायचा. मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. व्यंजनं त्याला तशी भरून काढता येत नाहीत.

आता कानाची एक खोड अशी आहे, की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकून टाकतो. उलट दिशेने हे तितकंसं होत नाही. त्यामुळे इअरफोनमध्ये बास फुगवला, आणि तो ६० हर्ट्झवर न थांबता २००-३०० पर्यंत ओघळू दिला (स्वस्त मालात ओघळतोच), की गाणारा माणूस मडक्यात तोंड घालून गायला लागतो. शब्द कळेनात की आपण काय करतो? आवाज वाढवतो. पण वाढवायचं बटण एकच असतं. शब्दांबरोबर बासही वाढतो, त्याचं झाकणंही वाढतं, आणि आपण आणखी एक काडी वर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ला २० तास, ८६ला १०. माझ्यासारखी माणसं, जी कोड लिहिताना कानात काहीतरी घालून बसतात, जाता-येता प्रवासातही घालतात, ती ४० तास शुक्रवारपर्यंत सहज संपवतात. त्यामुळे बास हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. शब्द कमी आवाजात कळतात की नाही, यावर चाळिशीनंतरचे कान ठरू शकतात.

मराठी ऐकणाऱ्यांसाठी तर यात एक खास अडचण आहे. आपल्याकडे च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. चमचा आणि चिमटा यांतले च एक नव्हेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. कागदावर एकच, तोंडात दोन. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. हा फरक असतो कशात? घर्षणाच्या सुरसुरीत. दंततालव्य उच्चारांची सुरसुर वरच्या पट्टीत सरकलेली असते, तालव्यांची त्यामानाने खाली. हा सगळा खेळ साधारण ३००० ते ८००० हर्ट्झमध्ये चालतो. बासने झाकलेल्या इअरफोनमध्ये दोन्ही च सारखेच बोथट होतात. ही उणीव भरून काढायला म्हणून कंपनीने ६-७ हजारांवर एक सुळका उभा केलेला असेल, तर दर चमच्यागणिक कानात टाचणी टोचते. खालून फुगीर, वरून टोकदार आणि मधे खड्डा, असा जो 'व्ही' आकार बाजारात सर्रास मिळतो, त्यात हे दोन्ही त्रास एकदम मिळतात. आपली भाषा नेमकी त्या खड्ड्यात आणि त्या सुळक्यावर बसलेली आहे.

"पण ज्याला आवडतं त्याला ऐकू दे की," असं कोणीतरी म्हणणारच. ऐकू दे. मला ढोल-ताशाही आवडतो, आणि चांगल्या इलेक्ट्रॉनिक संगीतात ४० हर्ट्झवर जे चालतं त्याला मी नाक मुरडत नाही. माझी तक्रार अशी, की ही एक आवड सगळ्यांसाठी न विचारता ठरवून टाकली आहे. हॉटेलात गेल्यावर प्रत्येक पदार्थावर आधीच चीज किसून आणलं, तर चीज आवडणाऱ्यानेही विचारावं, बाबा, कोशिंबिरीवर का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकलमध्ये, बसमध्ये खालच्या पट्टीतला गडगडाट एवढा असतो की गाण्यातला बास त्यात बुडतो, म्हणून तो जास्त द्यावा लागतो. गडगडाट असतो हे खरं. पण त्यावरचा इलाज म्हणजे गडगडाट बाहेर ठेवणं. तो आत असताना त्याच्यावर दुसरा गडगडाट ओतणं हा इलाज नव्हे. आणि बाहेर ठेवण्याचं काम तो दहा-पंधरा रुपयांचा रबरी टोप करतो, ज्याकडे खरेदीनंतर कोणी ढुंकूनही बघत नाही. त्याच्याकडे पुढे येतेच.

त्याआधी जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल बोलायला हवं, कारण मराठी घरांत ऐकण्याजोगं जे साठलेलं आहे त्यातलं कितीतरी जुनं आहे. पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं, आकाशवाणीच्या फिती, कोणीतरी हौसेने टेपरेकॉर्डर लावून धरून ठेवलेल्या मैफिली. यांत अगदी खालच्या पट्टीत संगीत फारसं नाहीच. तिथे काय आहे? विजेची गुणगुण, आपल्याकडे बरोबर ५० हर्ट्झ आणि तिची १००ची भावंडं. मायक्रोफोनच्या दांडीला लागलेला धक्का. बैठकीत सरकलेला कोणीतरी. बास फुगवणारा इअरफोन नेमकं हे सगळं उचलून पुढे आणतो. डग्ग्याचा घुमारा पसरून तंबोऱ्यावर सांडतो आणि गायक भिंतीपलीकडे जातो.

कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. क्षयाने एक फुप्फुस निकामी केल्यावर त्यांनी गाणं श्वासाच्या नव्या हिशेबावर उभं केलं. स्वर तुकड्यातुकड्यांत येतात, अचानक उसळतात, आणि मधे जागा असते. त्या जागेत तंबोरे भरलेले असतात, कधी श्वास असतो. ती जागाच गाण्याचा अर्धा भाग आहे. जो इअरफोन ती जागा डग्ग्याच्या शेपटीने भरून टाकतो, त्याने गाणं 'दमदार' केलं असं म्हणणाऱ्याला मी काय सांगू? उलट बाजूला भीमसेन जोशींचा खर्ज आहे. त्याला १०० हर्ट्झच्या आसपास खरा भरीव पाया लागतो. तो नसेल तर छातीतून आलेला आवाज घशातून आल्यासारखा वाटतो. म्हणजे बास नकोच, असंही नाही. तो आवाजाच्या खाली उभा असावा, त्याच्या अंगावर बसलेला नसावा.

आता हौशी मंडळी. हे लोक इअरफोनला इअरफोन म्हणत नाहीत, आयईएम म्हणतात. मी यांच्यातलीच आहे, तेव्हा घरचं भांडण म्हणून बोलते. बासच्या थापेला हे लोक फसत नाहीत, हे यांचं श्रेय. यांची फसगत 'डिटेल' या शब्दाने होते. तिसऱ्या रांगेत कोण खोकलं, गिटारच्या तारेवरून बोट कसं सरकलं, झांजेची शेपूट किती वेळ टिकली. यासाठी दोन हजारांवरून दहा हजारांवर, दहावरून पन्नासवर. गाणं संपल्यावर यांना विचारा काय ऐकलंत, तर उत्तरात गाणं सोडून सगळं असतं.

चाचणीची गाणीही उसनी. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं १९९४च्या मैफिलीतलं रूप जगभरच्या हायफाय दुकानांत वाजवून वाजवून झिजलं आहे. सुरुवातीचा तो ढोल कसा आदळतो यावर किती कौल दिले गेले असतील. चांगलं ध्वनिमुद्रण आहे, वाद नाही. पण पुण्यात बसून माणिक वर्मा ऐकणाऱ्या बाईने त्यावरून इअरफोन का निवडावा?

मग आलेख. हे मात्र कामाचे आहेत, इंजिनिअर म्हणून मला त्यांचं प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांचा गैरवापर बघवत नाही. खोक्यावरचा '२० ते २०,०००' हा आकडा निरर्थक असतो, कारण त्या टोकांना आवाज किती डेसिबल पडतो हे तो सांगतच नाही. आलेख ते सांगतो. तो बघताना नवखा माणूस सपाट रेषा शोधतो आणि तिथेच गडबडतो. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. बाहेरून येणारा प्रत्येक आवाज आपण जन्मापासून हा उठाव मिळूनच ऐकत आलो आहोत. कानात बोळा बसवला की तो नैसर्गिक उठाव बिघडतो, म्हणून इअरफोनला तो स्वतः द्यावा लागतो, दहाएक डेसिबलचा. तो नसेल तर आवाज पांघरुणाखालून येतो. जास्त झाला तर गायिका अंगावर ओरडते. 'खास व्होकलसाठी' म्हणून जे महाग नग विकले जातात, त्यांतल्या अनेकांत हा उठाव जास्तच चढवलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, अहाहा, बाई समोर येऊन उभी राहिली. विसाव्या मिनिटाला वाटतं, जरा मागे सरकेल तर बरं. आवाज म्हणजे फक्त मधली पट्टी, असं समजून केलेलं हे काम असतं. मधली पट्टी म्हणजे चेहरा. त्याला खाली धड हवं.

शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मनमध्ये श्रोत्यांना ब्रँड कळू न देता ऐकवून, त्यांच्या पसंतीवरून एक लक्ष्यरेषा काढली. काम मोलाचं आहे; तिच्यामुळे स्वस्त इअरफोन सुधारले. पण तिची २०१९ची आवृत्ती माझ्या कानाला २०० हर्ट्झपाशी जरा रोडावलेली आणि वर जरा चढी वाटते, विशेषतः बायकांच्या आवाजात. सरासरी श्रोत्याची पसंती ही सरासरी श्रोत्याची असते. शिवाय मापनयंत्राच्या कृत्रिम कानात ८००० हर्ट्झच्या आसपास स्वतःचाच एक घुमार असतो, आणि इअरफोन किती खोल बसवला यावर त्याची जागा हलते. म्हणजे त्याच्या वरच्या भागावरून 'हवा' आणि 'चमक' यांवर वाद घालणारे लोक बऱ्याचदा यंत्राबद्दल भांडत असतात.

या सगळ्यात मला गंमत वाटते ती एटिमोटिक या कंपनीची. १९९१ साली त्यांनी ईआर-४ आणला. ही मंडळी श्रवणशास्त्रातून आलेली, बहिरेपणावर आणि श्रवणयंत्रांवर काम करणारी. कानात खोल जाणारा, तीन पाकळ्यांच्या टोपाचा, बासच्या बाबतीत कमालीचा कंजूस. ऐकू न येणाऱ्याला बोलणं कसं कळेल, या प्रश्नावर विचार करणाऱ्यांच्या हातून आवाजासाठीचा इतका सरळ इअरफोन निघाला, यात मला नवल वाटत नाही. (घालायला तो सुखाचा नाही, हेही सांगते. डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं.)

आणि पैसे? २०२२ मध्ये मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झ सॅल्नोट्स झीरो हे २० डॉलरच्या आसपासचे दोन वायरवाले नग आले, आणि आवाजासाठी जास्त पैसे मोजावे लागतात हा युक्तिवाद तिथेच संपला. त्यानंतर त्या किमतीत गर्दीच झाली आहे. आवाज नीट ऐकण्यासाठी दीड-दोन हजारांच्या वर जायचं सबळ कारण मला दिसत नाही. वरचे पैसे धातूच्या खोळीला, वायरीच्या वेणीला आणि गप्पांना जातात. हौस म्हणून करा, हौसेला मोल नसतं; पण 'गाण्यासाठी' म्हणून करू नका.

फोनला भोकच नाही, ही अडचण खरी आहे, आणि ती आपण निर्माण केलेली नाही. सी-टाइपचा छोटा जोड मिळतो, तो घ्या. ब्लूटूथवाले सोयीचे असतात, मीही धावताना वापरते. पण दोन-तीन वर्षांत त्यांची बॅटरी दम सोडते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. आणखी एक गोष्ट, जी आमच्या धंद्यातल्या लोकांनी तरी ओळखायला हवी: मीटिंगमध्ये मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ जोड्या एका जुन्या मार्गावर जातात, जिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० एवढेच घेतले जातात. गाण्याला ४४,१०० असतात. म्हणजे दिवसभर ज्या आवाजांवर आपली भाकरी अवलंबून आहे, ते आपण टेलिफोनच्या दर्जाने ऐकतो, आणि संध्याकाळी डोकं का चढलं म्हणून विचार करतो. साधी वायर लावली की हे थांबतं.

आता तो रबरी टोप. खोक्यात लहान, मध्यम, मोठा अशा तीन जोड्या येतात; बहुतेक लोक मध्यम लावलेला असतो तोच आयुष्यभर ठेवतात. टोप कानात घट्ट बसला नाही तर बास गळतो, बाहेरचा गोंगाट आत येतो, आणि मग दोष इअरफोनला. 'बास कमी आहे' असं म्हणत बासवाल्या मालाकडे वळलेल्या किती जणांच्या कानात फक्त चुकीच्या मापाचा टोप असेल, असा मला दाट संशय आहे. दोन्ही कान एका मापाचे असतात असंही नाही. माझ्या डाव्याला मध्यम लागतो, उजव्याला लहान. बसला की नाही हे तपासायला तज्ज्ञ नको: घातल्यावर स्वतःशी गुणगुणा. गुणगुण डोक्याच्या आत भरून आली तर बसला. एकाच बाजूला भरून आली तर दुसरीकडचा टोप बदला.

नवीन विकत घेण्याआधी हातात आहे त्याचं काय करता येईल तेही बघा. फोनमधला बास बूस्टर बंद करा. इक्वलायझर असेल तर २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल उतरवा, आणि ओळखीच्या आवाजाचं एखादं गाणं पुन्हा ऐका. गायक दाराबाहेरून घरात आल्यासारखा वाटला तर खरेदी लांबणीवर टाकायला हरकत नाही.

आणि घ्यायचेच असतील तर स्वतःच्या फोनमध्ये तीन गोष्टी घेऊन दुकानात जा. एक, तंबोऱ्यावर गायलेली विलंबित लयीतली सुरुवात, तबला येण्याआधीची. जवारीचा डास झाला तर वरची पट्टी टोकदार आहे. दोन, पु. लं.चं कथाकथन. ते पुढे, आणि हसणारे लोक त्यांच्या मागे, थोडे लांब, असे बसलेले ऐकू यायला हवेत. तीन, घरच्या माणसाची व्हॉइस नोट. तो आवाज तुम्ही समोरासमोर हजारदा ऐकलेला आहे, त्यामुळे तिथे कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. तिन्ही कमी आवाजात ऐका, दुकानातला पंखा चालू असताना. दोन नगांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण एखादा डेसिबल जास्त वाजणारा नग कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो आणि विक्रेत्याला हे तुमच्याआधी ठाऊक असतं.

तो तुमचा फोन बाजूला सारून स्वतःचं 'डेमो साँग' लावेल. धाडधाड बास असलेलं. त्याला म्हणा, दादा, आधी आईची व्हॉइस नोट लावते.